व्हीआरमध्ये वेल्डिंग शिकवायचं तर काय ठेवायचं आणि काय काढायचं?

खटपट्या
मंडळी, कामाचा प्रश्न आहे, थोडं लांबण लावतो. पुण्यात आमची छोटी टीम आहे, व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेटवर चालणारी ट्रेनिंगची अ‍ॅप्स बनवतो. आत्तापर्यंतचं काम सगळं सेफ्टी टाइप, म्हणजे कंपनीत नवा माणूस आला की हेल्मेट घाल, पिवळ्या पट्ट्याच्या आतून चाल, फोर्कलिफ्ट आली की बाजूला हो वगैरे. आता एका संस्थेकडून आयटीआयच्या वेल्डिंगच्या मुलांसाठी काम आलंय. आधी हेडसेटमध्ये हात बसवायचा आणि मग खऱ्या मशीनवर सोडायचं अशी कल्पना.

क्लायंटला काय हवंय, तर मोठ्ठं वर्कशॉप, त्यात फिरता आलं पाहिजे, वर क्रेन, ठिणग्या, कोपऱ्यात बोलणारे व्हर्च्युअल सर, शेवटी स्टार आणि लीडरबोर्ड. मला वाटतं एक टेबल, एक प्लेट, हातात वेल्डिंगची टॉर्च (म्हणजे वेल्डिंगचं हत्यार, विजेरी नव्हे), बास. बाकी सगळी आरास. पण मी स्वतः वेल्डिंगवाला नाही आणि क्लायंटसमोर नुसतं 'मला वाटतं' म्हणून चालत नाही. तर ज्यांनी हाताचं काहीतरी काम शिकलंय किंवा शिकवलंय (वेल्डिंगच पाहिजे असं नाही) त्यांनी सांगा, सुरुवातीला नक्की काय अवघड जातं आणि त्यातलं हेडसेटमध्ये येण्यासारखं किती?

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. निदेशक सर कुठायत?

जुना_निदेशक
आलो. संधाता (वेल्डर) ट्रेडला बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग नसावा.

पोरगं पहिल्यांदा होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड (वितळून जोडात भरणारी काडी) पकडायचा चिमटा धरतं, तेव्हा रॉड प्लेटला चिकटतो. चिकटला की ते घाबरतं, हिसके देतं, रॉड लाल होतो, मग मागून मी ओरडतो. हे तुमच्या डब्यात कसं येणार? तिथे चिकटायला काही नाहीच. दुसरं म्हणजे आर्क (रॉड नि प्लेट यांच्यामधली विजेची झळझळीत ठिणगी) सुरू झाल्यावर रॉड जळत जळत आखूड होतो. म्हणजे हात एकाच वेळी पुढे पण न्यायचा आणि खाली पण आणायचा, आणि रॉडचं टोक नि प्लेट यातली गॅप साधारण रॉडच्या जाडीएवढीच राहिली पाहिजे. दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिमीचा रॉड असेल तर तीनएक मिलिमीटर. गॅप वाढली की स्पॅटर (वितळलेल्या धातूचे शिंतोडे) उडतो, कमी झाली की परत चिकटला. ट्रेडचं पहिलं सत्र यातच जातं म्हणा ना.

आणि कान! गॅप बरोबर असेल तर भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज येतो. मी पाठ करून उभा असलो तरी कुठल्या बूथमध्ये पोरगं चुकतंय ते कळायचं. तुमच्या त्या क्रेनचा आणि फॅनचा आवाज टाकलात तर हा ऐकू येणार नाही एवढं लक्षात ठेवा.

फिरायला कशाला पाहिजे वर्कशॉपमध्ये? पोरं तशीच फिरत असतात.

चहाबाज
शेवटच्या वाक्याला +१००

पिक्सेलपंत
गेम डेव्ह आहे, दोन-तीन इंडस्ट्रियल प्रोजेक्ट केलेत, त्यामुळे टेक्निकल बाजू सांगतो.

१) फिरणं काढच. जॉयस्टिकने सरकत चाललं की डोळे म्हणतात आपण चाललो आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागेवर आहोत, मग पोटात ढवळतं. टेलिपोर्ट देतात लोक पण तुझ्या कामाला तेही नको. डोकं हलवल्यावर चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हललं नाही तरीही त्रास होतो, आणि स्टँडअलोन हेडसेटचा प्रोसेसर म्हणजे शेवटी फोनचाच. तो सगळा जीव क्रेन आणि ठिणग्यांवर घालवलास तर फ्रेम पडणार, म्हणजे चित्र अडखळणार.

२) जवळचं बघणं. हे क्लायंटला कोणी सांगत नाही. हेडसेटची लेन्स एका ठरावीक अंतरावर फोकस असते, मीटरभर किंवा जास्तच. प्लेट असते अर्ध्या हातावर. म्हणजे दोन्ही डोळे आत वळतात जवळच्यासाठी, फोकस मात्र लांबचाच ठेवावा लागतो. थोड्या वेळाने डोकं दुखतं. वेल्डिंग म्हणजे सगळंच जवळचं काम. सेशन लहान ठेव, दहा मिनिटं फार झाली.

३) कंट्रोलर हातात देऊ नकोस. खरी टॉर्च घे, जुनी भंगारातली चालेल, तिच्यावर ब्रॅकेट प्रिंट करून कंट्रोलर बसव. केबल पण खरीच लटकू दे. मनगटावर केबलचा ओढा असतो तो व्हीआरमध्ये आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे केबल.

सर म्हणतात ते रॉड आखूड होण्याचं मात्र अवघड आहे. लिंकन इलेक्ट्रिकचा जो व्हीआरटेक्स म्हणून सिम्युलेटर येतो त्यात स्टिक, म्हणजे सर सांगतात त्या रॉडच्या वेल्डिंगसाठी काडी आत सरकत जाणारं डिव्हाइसच वेगळं बनवलंय. तुमच्या बजेटमध्ये बसेल असं वाटत नाही. मिग वेल्डिंगने सुरुवात कर, तिथे रॉडऐवजी टॉर्चमधून वायर आपोआप पुढे येते, एक भानगड कमी. चाकणच्या कंपन्यांत तेच चालतं.

जुना_निदेशक
मिगने सुरुवात हे पटलं. भंगारातली टॉर्च हेही पटलं. पण जोडून एक, पट्टी घट्ट बसवा, टॉर्चमध्ये कंट्रोलर लुळूलुळू हलला तर पोराचा हात चुकला का तुमचा ब्रॅकेट, कळणार नाही.

एक्सेलशीट
मी विरुद्ध बाजूने बोलतो, कोणीतरी बोलायला पाहिजे. सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा निधी) बघतो एका कंपनीचं (नाव नाही सांगणार). खटपट्याभाऊ, तुमचा क्लायंट काय अगदीच बावळट नाही. टेबल आणि प्लेट दाखवली तर उद्घाटनाला आलेले पाहुणे हेडसेट घालतील आणि म्हणतील 'हे काय?', पुढच्या वर्षीचा निधी गेला. आणि पोरांचं पण बघा, मोबाइलवर गेम खेळणारी पोरं आहेत, त्यांना राखाडी टेबल दाखवलं तर दुसऱ्या दिवशी कोण घालणार? लीडरबोर्डने चुरस लागते हे मी डोळ्यांनी बघितलंय. दिसणं महत्त्वाचं आहे हो, सगळे इंजिनिअर एका सुरात नाही म्हणतात म्हणून ते खोटं ठरत नाही.

चहाबाज
पाहुण्यांसाठी वेगळा मोड करा. त्यात क्रेन, ठिणग्या, रिबीन आणि व्हर्च्युअल कात्री.

खटपट्या
@चहाबाज हसू नका, हे मी खरंच कोटेशनमध्ये टाकणार आहे.

सुईदोरा
मी सर्जन आहे, नाशिकला. दिसण्याच्या मुद्द्यावर आमच्याकडचं एक जुनं उदाहरण देते. २००२ साली येलच्या लोकांनी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर एक अभ्यास केला होता. १६ रेसिडेंट डॉक्टर, अर्ध्यांना नेहमीचं शिक्षण, अर्ध्यांना त्याबरोबर व्हीआर सिम्युलेटर. नंतर खऱ्या ऑपरेशनमध्ये व्हीआरवाल्यांनी पित्ताशय सोडवायचा टप्पा २९ टक्के लवकर उरकला, आणि पित्ताशयाला इजा होण्याची किंवा नको तिथे जाळण्याची शक्यता दुसऱ्या गटात पाचपट होती. संख्या लहान आहे हे मान्य, पण आमच्या क्षेत्रात त्या पेपरने बरीच मतं फिरवली.

आता गंमत अशी की त्या सिम्युलेटरमध्ये पित्ताशय नव्हतंच. लिव्हर नाही, रक्त नाही. स्क्रीनवर गोळे आणि चौकोन, ते दोन हत्यारांनी पकडायचे, इकडून तिकडे द्यायचे. पण पोटात दुर्बीण घालून काम करताना जे अवघड असतं, म्हणजे सपाट पडद्यावर बघून खोली ओळखणं आणि हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाणं, ते बरोब्बर तिथे होतं.

आणखी एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी 'अमुक तास करा' असं ठेवलं नव्हतं. आधी अनुभवी सर्जननी त्याच सिम्युलेटरवर काम केलं, त्यांचा जो निकाल आला ती पातळी गाठेपर्यंत शिकणाऱ्याने करायचं. कोणाला लवकर जमेल, कोणाला उशिरा. तुमच्या स्टारपेक्षा हे घ्या. निदेशक सरांच्या हातात टॉर्च द्या, त्यांचा आकडा काढा, तीच पास व्हायची रेषा.

जुना_निदेशक
आता चष्मा लागलाय ताई, माझी रेषा वाकडी यायची. पण कल्पना आवडली.

ढगातला
सुईदोरांच्या गोळ्या-चौकोनांना जोडून. विमानाचा पहिला गाजलेला सिम्युलेटर म्हणजे लिंक ट्रेनर, १९२९ चा. एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता, त्यातलेच हवेचे भाते वापरून त्याने ते खोकं हलतं केलं. सुरुवातीला कोणी विचारत नव्हतं, जत्रेतल्या पाळण्यासारखं वापरलं लोकांनी. १९३४ साली अमेरिकेत टपाल न्यायचं काम लष्कराकडे दिलं, खराब हवेत पायलट पटापट गेले, मग लष्कराने ही खोकी घेतली. त्यात बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, झाकण बंद करून फक्त काटे बघत उडवायचं. कारण शिकवायचं तेवढंच होतं.

आत्ताच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये सगळं दिसतं ते वेगळं. ते इतकं पुढे गेलंय की अनुभवी पायलट नवीन जातीच्या विमानावर जातो तेव्हा सगळं ट्रेनिंग सिम्युलेटरमध्ये आणि खऱ्या विमानात पहिलं उड्डाण थेट प्रवासी घेऊन, असंही चालतं.

रिकामटेकडी
हे न सांगता पण चाललं असतं. परवाच माझी नागपूर फ्लाइट आहे.

ढगातला
शेजारी अनुभवी ट्रेनिंग कॅप्टन असतो हो. निवांत झोपा.

लालगाडी
इंडस्ट्रियल सेफ्टीत आहे, आग विझवण्याचं ट्रेनिंग घेतो. मी थोडा असहमत. गोळे-चौकोन सगळीकडे चालत नाहीत. काम कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा.

आमच्याकडे व्हीआरचं आगीचं ट्रेनिंग आलं होतं. पिन काढ, नोझल बुडाशी धर, दाब, इकडून तिकडे फिरव. छान. पण खरा सहा किलोचा पावडरचा सिलिंडर उचलून पळताना जे होतं ते त्यात नाही, आणि पावडर अर्धं मिनिटही पुरत नाही हे लोकांना पटत नाही जोपर्यंत हातात संपत नाही. तो भाग आम्ही अजून मैदानात ट्रे पेटवूनच घेतो. उलट निर्णयाचा भाग व्हीआरमध्ये झकास जमतो. पॅनलला आग लागलीय, शेजारी पाण्याचा पण सिलिंडर आहे आणि सीओटूचा पण, कुठला उचलतो? दाराकडे पाठ ठेवतो का आगीकडे? खऱ्यात हे चुकवून बघता येत नाही. आणि इथे मात्र धूर, अंधार, लोकांचा आरडाओरडा सगळं पाहिजे, कारण त्या गोंधळातच डोकं चालवायचं असतं.

वॉलमार्टने २०१८ मध्ये अमेरिकेत १७,००० हेडसेट दुकानांमध्ये पाठवले, त्यांच्या आधीच्या ट्रेनिंगमध्ये सेलच्या दिवशीची गर्दी हा विषय होता. ते पण तसंच, हाताचं काम नाही, बघायचं आणि ठरवायचं.

पिक्सेलपंत
@लालगाडी एकदम पटलं. खटपट्या, तुझ्या आधीच्या सेफ्टीच्या कामात वर्कशॉप लागत होतं, इथे नाही लागत, हे क्लायंटला असंच सांग.

वासरूडॉक्टर
जनावरांचा डॉक्टर आहे, फलटण साइड. हसू नका, पण आमच्याकडचं उदाहरण सगळ्यात भारी आहे.

गाय गाभण आहे का ते बघायला मागून हात घालून गर्भाशय चाचपावं लागतं. खांद्यापर्यंत हात आत. कॉलेजात सर म्हणायचे 'लागलं का हाताला?' आणि आम्ही सगळे म्हणायचो 'हो सर'. काय लागलं ते देवाला आणि गायीला माहीत. सरांना तर काहीच दिसत नाही.

ब्रिटनमधल्या सारा बेली नावाच्या व्हेटनी यावर 'हॅप्टिक काऊ' (हाताला स्पर्श जाणवणारी गाय) बनवली, वीसेक वर्षं झाली. फायबरची अर्धी गाय, फक्त मागचा भाग, आत बोटाला उलटा जोर देणारं यंत्र. विद्यार्थी हात घालतो, त्याला मऊ-कडक जाणवतं, आणि सर शेजारच्या स्क्रीनवर बघतात की याचं बोट कुठं फिरतंय. हेडसेट वगैरे काही नाही कारण खऱ्या गायीत पण काही दिसत नाहीच.

माझा मुद्दा एवढाच की त्या यंत्राचा खरा फायदा शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला जास्त झाला. जे कधीच दिसत नव्हतं ते दिसलं.

रिकामटेकडी
फक्त मागचा भाग म्हणजे लाथ पण हॅप्टिक आहे का?

वासरूडॉक्टर
नाही ना! शेपटीचा फटका पण नाही. त्यासाठी इंटर्नशिप.

चहाबाज
आता कोणीतरी पुरणपोळीचं व्हीआर काढा. लाटताना पुरण बाहेर आलं की मागून सासूबाईंचा आवाज.

रिकामटेकडी
त्याला हेडसेट लागत नाही. आमच्या घरी या.

जुना_निदेशक
अवांतर बंद करा रे.

डॉक्टरांनी गायीचं सांगितलं ते आमच्याकडे शंभर टक्के लागू आहे. पोरगं स्क्रीन (तोंडासमोरची काळ्या काचेची ढाल) लावून वेल्डिंग करत असतं, मी शेजारून माझ्या काचेतून बघतो, पण त्याच्या जागेवरून काय दिसतंय ते मला दिसत नाही. नवीन पोरं ठिणगीकडे बघतात. बघायला पाहिजे ते ठिणगीच्या मागे जे वितळलेल्या धातूचं डबकं असतं, पडल, त्याच्या कडेकडे. कड रुंद झाली, वेग वाढव. टोकदार झाली, कमी कर. हे मी तोंडाने हजार वेळा सांगतो आणि ते 'हो सर' म्हणतं. खटपट्या, पोरगं कुठं बघतंय ते मला बाहेर स्क्रीनवर दाखवता येईल का?

खटपट्या
सर, डोक्याची दिशा नक्की दाखवता येईल. नजर नेमकी कुठे हे बघायला आय ट्रॅकिंगवाला हेडसेट लागतो, तो महाग. पण तो जे बघतोय ते चित्र जसंच्या तसं बाहेर टॅबवर देऊ शकतो.

ठिणगी_ताई
मी वेल्डरचं आयटीआय केलंय, सातारा जिल्ह्यात, आता फॅब्रिकेशनमध्ये आहे. कोणी विचारलं नाही तरी शिकणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

मशीन कमी, पोरं जास्त, रॉड मोजून मिळतात, प्लेट तर दोन्ही बाजूंनी वापरून संपवायची. माझी पाळी यायची तेव्हा मागे चारजण उभे राहून सल्ले द्यायचे. मला एकटीला, कोणी न बघता, रॉडचा हिशोब न ठेवता परत परत करायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. त्यामुळे लीडरबोर्ड भिंतीवर लावू नका. ज्याला येत नाही ते पहिल्याच दिवशी खाली नाव बघून टॉर्चला हात लावायचं बंद करतं.

दुसरं, मी डावखुरी. सगळे फिक्स्चर उजव्या हाताचे. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबून उलटं होत असेल तर ते पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर करू म्हणू नका. हातमोजे घालूनच करायला लावा, खऱ्या मोज्यात ट्रिगर वेगळा लागतो.

एक्सेलशीट
@ठिणगी_ताई लीडरबोर्डबद्दल हा विचार केला नव्हता. मग स्वतःचाच कालचा स्कोअर दाखवला तर? चुरस राहील, नाव जाणार नाही.

ठिणगी_ताई
ते चालेल.

खोखोमास्तर
खेळाचा कोच आहे, मोटर लर्निंग (शरीर हालचाली कशा शिकतं ते) थोडं शिकलोय. एक प्रश्न, तुमच्या अ‍ॅपमध्ये कोन चुकला की बाण येतात का? 'टॉर्च थोडी वाकवा', 'वेग कमी करा' असे?

खटपट्या
हो, क्लायंटचा आग्रहच आहे. हिरवा-लाल बाण, सतत.

खोखोमास्तर
तिथेच मेख आहे. सतत मार्गदर्शन मिळालं की सराव करताना निकाल फार सुंदर दिसतो, पण मार्गदर्शन काढलं की कोसळतो. हे जुनं आहे, सल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांचा १९८४ चा आढावा आहे त्यावर. माणूस त्या बाणाच्या आधाराने चालायला लागतो, स्वतःच्या हाताला काय जाणवतंय तिकडे लक्षच देत नाही. सर म्हणतात तसं पडलकडे बघायचं असतं ना? तुमचं पोरगं बाणाकडे बघणार. खऱ्या मशीनवर बाण नाही आणि पडल कधी बघितलेलं नाही.

बाण सुरुवातीला द्या, मग एका रेषेआड एक, मग फक्त रेषा संपल्यावर काय चुकलं ते. शेवटी तेही नाही, आधी पोरालाच विचारा 'कशी झाली?' आणि मग दाखवा. मैदानावर मी प्रत्येक उडीला ओरडत बसलो तर पोरं माझ्या तोंडाकडे बघत पळतात.

जुना_निदेशक
मास्तर, दंडवत घ्या. बाणाचं हेच माझ्या मनात होतं पण असं मांडता आलं नसतं. माझं बाकी सगळं म्हणणं मागे घेतो, पण बाण कायमचे ठेवलेत तर मी सही करणार नाही.

सुईदोरा
डोळ्यांचं कोणी बोललंच नाही. आर्क उघड्या डोळ्यांनी बघितला की लगेच काही होत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवणारे पेशंट मी अजून बघते. गार वाटतं एवढंच, बरं होतं ते एक-दोन दिवसांत आपोआपच. न थांबलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका.

प्रश्न हा की हेडसेटमध्ये वेल्डिंगची स्क्रीन तोंडावर खाली घ्यायची सवय कशी लागणार? तिथे चेहऱ्यावर आधीच काहीतरी आहे. पोरगं आठवडाभर नुसतं ट्रिगर दाबायला शिकलं आणि खऱ्या बूथमध्येही तसंच दाबलं तर?

पिक्सेलपंत
अरे हो, हे भारी पकडलंत. म्हणजे आपण चुकीची सवय शिकवू. उपाय सोपा आहे, डोक्याला झटका देऊन स्क्रीन खाली पाडतात ना, ती हालचाल हेडसेटला कळते. झटका दिल्याशिवाय आर्क सुरू केला की सगळं पांढरंफटक आणि ती रेषा बाद.

ठिणगी_ताई
हातात धरायची स्क्रीन असेल तर दुसऱ्या हाताचा पण विचार करा. आयटीआयमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी तीच आहे.

ह्यूस्टनकर
इकडे टेक्सासात वेल्डिंगवाल्यांची वानवा म्हणून असे सिम्युलेटर कम्युनिटी कॉलेजात असतात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचा २०११ चा एक अभ्यास वाचण्यासारखा आहे, त्यात एका गटाला पूर्ण खऱ्या मशीनवर आणि दुसऱ्याला निम्मा वेळ व्हीआर, निम्मा खरं असं शिकवलं. निम्मा-निम्मावाले पुढे राहिले, खर्चही कमी आला. त्यामुळे 'आधी सगळं हेडसेट, मग सगळं मशीन' यापेक्षा आलटून पालटून ठेवा. सकाळी हेडसेट, दुपारी बूथ.

भारतात चेन्नईची स्किलवेरी पण वेल्डिंगचे सिम्युलेटर बनवते, खटपट्या, एकदा त्यांचं बघून घे, सगळं शून्यातून कशाला.

लालगाडी
फालतू वाटेल पण लिहितो. एकच हेडसेट सगळी पोरं घालणार, डोक्याला तेल, मे महिना, वर पत्रा. पुसता येणारं रेक्झिनचं कव्हर घ्या, कापडी फोम नको. बॅटरी जेमतेम दोन तास. इंटरनेट लागेल असं काही ठेवू नका. आणि खिडकीत ठेवू देऊ नका, लेन्समधून ऊन आत गेलं की डिस्प्ले जळतो, कायमचा.

खटपट्या
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आजच क्लायंटशी बोललो. टेबल, प्लेट, मिगची खरी टॉर्च खऱ्या केबलसकट. आवाजावर मेहनत, आरास शून्य. बाण हळूहळू काढायचे यावर कुरकुर झाली पण मास्तरांचं वाक्य वाचून दाखवलं. सरांसाठी बाहेर टॅब. स्क्रीनचा झटका, डावखुऱ्यांचं बटण, दोन्ही पहिल्या व्हर्जनमध्ये. पाहुण्यांचा मोड मंजूर झाला, त्यात क्रेन आहे, @चहाबाज श्रेय तुमचं.

एक राहिलं. उपयोग झाला की नाही ते कशावर मोजू? अ‍ॅपमधला स्कोअर वाढला हे तर मी कसंही दाखवू शकतो.

जुना_निदेशक
अ‍ॅपमधलं काहीच धरू नका. दोन प्लेटा टी आकारात उभ्या करा, एकाच बाजूने फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) मारायला लावा, थंड झाली की व्हाइसमध्ये धरून वेल्डच्या बाजूला हातोड्याने पाडा. जोड उघडला की आत मुळापर्यंत धातू गेलाय का, भोकं आहेत का, सगळं दिसतं. हेडसेटवाली पोरं आणि बिनहेडसेटवाली पोरं, दोघांच्या प्लेटा नंबर टाकून मिसळा आणि दुसऱ्या आयटीआयच्या निदेशकाला तपासायला द्या.

खटपट्या
प्लेट किती जाडीची घेऊ?

जुना_निदेशक
सहा मिमी. आणि तोडायला दुसरं पोरगं लावा, ज्याने जोडलंय तो हातोडा हळू मारतो.